हसू आलं की तीस सेकंद मागे: काळ्या विनोदाची रहस्यकादंबरी कानांनी ऐकताना

मे महिना म्हणजे आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं फोडायचा महिना. पडवीत मधोमध टोपली ठेवायची, दोघींनी दोन बाजूंना बसायचं, बिया पातेल्यात टाकायच्या आणि साली सुपात. हात मनगटापर्यंत लाल होतात आणि काम तीन-तीन तास हलत नाही. दोन वर्षांपूर्वी याच कामात माझ्या आत्याने पहिलं ऑडिओबुक ऐकलं. वाचनाचा नाद तिला लहानपणापासूनचा, पण आता अर्ध्या पानात डोळे थकतात. मी लावलेली कादंबरी खुनाची होती, आणि विनोदी. पहिल्या अर्ध्या तासात ती तीनदा मोठ्याने हसली. चौथ्यांदा हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, "मागे घे गो ते जरा. आपण हसलो, पण त्याने मधेच काहीतरी सांगितलं."

मागे घेतलं. खरंच सांगितलं होतं. पुढे आठ तासांनी खुनी सापडला तो त्याच वाक्यावरून.

त्यानंतर मी बऱ्याच जणांना अशी पुस्तकं ऐकायला लावली. ऑफिसातल्या मैत्रिणी, शेजारचे काका, बारावीतला भाचा. सगळे सुरुवातीला एकाच ठिकाणी अडखळतात. पुस्तक मजेशीर वाटतं, म्हणून ते मागे गाणं चालू असावं तसं ऐकतात, आणि शेवटी खुनी समजला की "हा कोण?" म्हणून विचारतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी हा प्रकार समजून घ्या

काळ्या विनोदाच्या रहस्यकथेत माणूस मेलेला असतो, पण हसू येतं ते जिवंत माणसांचं. घरात प्रेत आहे आणि सुनेला चिंता आहे की पाहुण्यांना चहाचे कप पुरतील का. भाऊ रडतो आहे, पण एक डोळा कपाटाच्या किल्लीवर आहे. मृत्यूची थट्टा नसते, मृत्यूसमोरही न सुटणाऱ्या हव्यासाची आणि मानपानाची असते.

आपल्याला हे नवीन नाही. ज्यांनी बाराव्याच्या दिवसाची घरं पाहिली आहेत त्यांना आठवेल, जेवणं झाल्यावर पडवीत बसलेली माणसं गेलेल्याच्या चिकटपणाच्या गोष्टी सांगू लागतात, आणि ज्यांचे डोळे सकाळी सुजलेले होते तीच माणसं पोट धरून हसतात. ते हसणं खोटं नसतं आणि सकाळचं रडणंही खोटं नसतं. या पुस्तकांची चव हीच आहे. म्हणून सुरुवातीला "मेलेल्या माणसावर कसं हसायचं" असा संकोच वाटला तर घाबरू नका, दोन प्रकरणांत तो जातो. मात्र घरात नुकतं कुणी गेलं असेल तर हे पुस्तक काही महिने बाजूला ठेवा. मी स्वतः तसं ठेवलं होतं आणि ते बरोबर होतं.

रहस्यकथेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे डाव. चांगला लेखक वाचकाशी प्रामाणिक असतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज कॅथलिक पाद्र्याने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. तो स्वतःही रहस्यकथा लिहीत असे. त्यातला एक नियम असा की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसलाच पाहिजे, लपवून ठेवता कामा नये. म्हणजे लेखकाला धागा तुमच्यासमोर ठेवायचा तर आहे, पण तुमचं लक्ष जाऊ न देता. गंभीर रहस्यकथेत तो वर्णनाच्या गर्दीत ठेवला जातो. विनोदी रहस्यकथेत त्याहून सोपी जागा असते: विनोदाच्या पोटात. हसणारा माणूस त्या क्षणी शंका घेत नाही.

शिडीचं उदाहरण

आत्याला हे समजावताना मी एक प्रसंग तिथल्या तिथे रचून सांगितला होता. तोच इथे देते, म्हणजे कुठल्या खऱ्या पुस्तकाचं रहस्य फुटायला नको.

एक भाटकार, म्हणजे जमीनदार, आहे. सकाळी तो आपल्या खोलीत मेलेला सापडतो, दार आतून बंद. बातमी कळताच शेजारची म्हातारी धावत येते, दारात उभी राहून मोठ्याने गळा काढते, आणि मधेच आवाज खाली आणून सुनेला विचारते, "माझी शिडी गो? परवा नेली ती. माणूस तर गेला, शिडी तरी मिळू दे." सून म्हणते, शिडी इथे कुठे नाही. म्हातारी पुन्हा गळा काढते, आणि आता ती नक्की कशासाठी रडते आहे ते कळत नाही.

इथे ऐकणारा हसतो. निवेदक चांगला असेल तर "शिडी तरी" वर तो अगदी सपाट, व्यवहारी आवाज लावतो आणि हसू आणखी येतं. पण या दहा सेकंदांत तीन गोष्टी कळल्या. खुनाच्या दोन दिवस आधी या घरात शिडी आली होती. आज ती नाही. आणि शिडी गेल्याचं सुनेला आश्चर्य वाटलं नाही. जुन्या घराला नळे, म्हणजे कौलं, असतात आणि नळे काढून खोलीत उतरता येतं. दार आतून बंद असण्याचं सगळं गूढ त्या शिडीवर उभं आहे.

मी एवढं सांगून होईतो आत्याने हातातलं भिरंड तसंच ठेवलं आणि विचारलं, "मागीर ती निसण खंय गेली?" म्हणजे, मग ती शिडी गेली कुठे? तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तो एक प्रश्न विचारायची सवय लागली की पुढचं सगळं जमतं.

म्हणून या प्रकारच्या पुस्तकासाठी माझा एकच पक्का नियम आहे: मोठ्याने हसलात की तीस सेकंद मागे जा. पुन्हा ऐका. पहिल्यांदा विनोद ऐकला, दुसऱ्यांदा त्यातल्या वस्तू, वेळा आणि माणसं ऐका. कोण कुठे होतं, कुणाच्या हातात काय होतं, कोण हसलं नाही. दहातल्या सात वेळा काही निघणार नाही, विनोद नुसताच विनोद असेल. तरी चालेल, चांगला विनोद दुसऱ्यांदा ऐकण्यात तोटा नाही. छापील पुस्तकात डोळा आपोआप दोन ओळी वर जातो. कानाला ती सोय नाही, म्हणून ती बोटाने करून द्यावी लागते.

पुस्तक निवडणं

पहिलं पुस्तक निवडताना लोक गोष्ट बघतात. तुम्ही आवाज बघा. जवळजवळ प्रत्येक ॲपवर नमुना म्हणून काही मिनिटं फुकट ऐकता येतात, ती पूर्ण ऐका. आणि हे तपासा.

निवेदक स्वतःच्याच विनोदावर हसतो का? आवाजात आधीच गुदगुली आणत असेल तर ते पुस्तक सोडून द्या. काळा विनोद गंभीर चेहऱ्याने सांगायचा असतो. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांत हे नेहमी दिसतं, जो नट तोंड पाडून बोलतो त्यालाच टाळ्या पडतात.

माणसं आवाजावरून वेगळी ओळखू येतात का, आणि तरीही आवाजांची सर्कस होत नाही ना? प्रत्येक बाईला किनरा आणि प्रत्येक म्हाताऱ्याला खोकला दिलेला निवेदक दोन तासांत नकोसा होतो. रहस्यकथेत आणखी एक धोका असतो. काही निवेदक एखाद्या पात्राला पहिल्याच वाक्यापासून खलनायकी आवाज देतात आणि रहस्य तिथेच सांडतं. चांगला निवेदक खुन्यालाही इतरांसारखाच प्रेमाने वाचतो. मला तर वाटतं, या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कारण शेवट त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो.

संपूर्ण पुस्तक घ्या, संक्षिप्त आवृत्ती नको. संक्षेप करणारा पहिल्यांदा काय कापतो? फालतू वाटणाऱ्या गप्पा, जेवणावळी, शेजारणीचं शिडी मागणं. म्हणजे नेमका ऐवज. तसंच पहिल्या खेपेला एकाच निवेदकाचं पुस्तक बरं. अनेक नटांचं, पार्श्वसंगीत घातलेलं नाट्यरूप ऐकायला रंगतदार असतं, पण त्यात कथनाचा भाग कापलेला असतो आणि लेखकाची तिरकी नजर त्या कथनातच असते.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. आपण गोव्यातली माणसं घरी कोंकणी बोलतो, मराठी वाचतो, ऑफिसात इंग्रजी चालवतो, आणि त्यामुळे कुठल्याही भाषेत ऐकू शकू असं आपल्याला वाटतं. पण विनोद परक्या उच्चारात निसटतो. इंग्रजी ऐकायचं ठरवलंत तर नमुन्यातल्या पाच मिनिटांत किती वाक्यं पुन्हा ऐकावी लागली ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर पहिलं पुस्तक मराठीच घ्या. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी पुस्तकं आहेत. ऑडिबल आणि कुकू एफएमही लोक वापरतात. लिब्रिव्हॉक्सवर 2005 पासून स्वयंसेवकांनी वाचलेली, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं फुकट मिळतात. मात्र तिथे कधी कधी दर प्रकरणाला वाचणारा बदलतो, आणि तेवढ्यासाठी मी नवख्या माणसाला ते आधी सुचवत नाही.

घरात कुणाला दिसत नसेल किंवा छापील मजकूर वाचणं शक्य नसेल तर 2016 मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय खास अशाच वाचकांसाठी आहे. बोलत्या पुस्तकांचा उगमही अशाच वाचकांसाठी झाला. इंग्लंडमध्ये 1935 साली अंधांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तकं देणं सुरू झालं, आणि अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकादंबरी होती. तबकडीच्या एका बाजूला साधारण 25 मिनिटं मावत. उठायचं, तबकडी उलटायची, पुढे ऐकायचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली फुकट पुस्तकं ऐकू नका. लेखक आणि निवेदक दोघांचाही मेहनताना त्यात बुडतो. शिवाय मधली प्रकरणं गायब असतात आणि ती नेमकी कुठली हे शेवटीच कळतं.

फोनची तयारी

ही अर्ध्या तासाची कामं आहेत, पण पुस्तक सुरू करण्याआधी करा.

पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून घ्या. 64 केबीपीएसच्या ध्वनीफितीला तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक 300 एमबीच्या आत बसतं. चोर्ला घाटात किंवा सत्तरीतल्या आतल्या गावांत रेंज गेली की चालू पुस्तक ऐन चौकशीत थांबतं, आणि पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जातं. उतरवून ठेवलेलं असेल तर काही फरक पडत नाही.

वेग 1 ठेवा. बातम्या, भाषणं दीडपट वेगाने ऐकायची सवय असेल तरी इथे नको. विनोद शब्दांत जेवढा असतो तेवढाच शब्दांनंतरच्या थांबण्यात असतो. "माणूस तर गेला" आणि "शिडी तरी मिळू दे" यांच्या मधला क्षण कापला की उरते नुसती माहिती. याच कारणासाठी ॲपमध्ये शांत जागा आपोआप वगळण्याची सोय असेल तर ती बंद करा. पॉडकास्टच्या ॲपमध्ये ती पुष्कळदा असते आणि कधी चालू झाली ते कळतही नाही. आत्यासाठी मी वेग 0.9 ठेवते, ते तिला सुखाचं पडतं.

मागे जाण्याचं बटण 30 सेकंदांवर लावा. काही ॲपमध्ये ते 10 किंवा 15 वर असतं, पण विनोदाच्या मागची तयारी साधारण अर्ध्या मिनिटाची असते. इअरफोन एकाच कानात घालणार असाल तर फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही कानांचा आवाज एकत्र येतो, नाहीतर नाट्यरूपातले अर्धे संवाद दुसऱ्या कानात राहतात.

आणि पैशांचं. फुकट चाचणीचा महिना घेतलात तर त्याच मिनिटाला संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि नको असेल तर यूपीआयवरचं ऑटोपे आठवणीने बंद करा. माझे एकदा तीन महिन्यांचे पैसे असेच गेले, एकही पुस्तक न ऐकता.

पहिली बैठक

पहिली बैठक 25 मिनिटांची ठेवा, तबकडीच्या एका बाजूएवढी. त्या वेळात दुसरं काहीही करू नका, हातकामसुद्धा नाही. या वेळात लेखक दहा-बारा माणसं उभी करतो, घराचा नकाशा सांगतो आणि आपल्या विनोदाचा सूर लावतो. हे तीन निसटलं तर पुढचे नऊ तास आपण अनोळखी लोकांच्या घरात बसल्यासारखे असतो.

एक कागद आणि पेन घ्या. कागदावर प्रत्येक माणसासाठी एक ओळ: नाव, मेलेल्याशी नातं, आणि आवाज कसा लागला त्याचा एक शब्द. "सुधा, धाकटी सून, घाईत." "मामा, उसने पैसे, गोड." हा आवाजाचा शब्द फार कामाचा आहे. छापील पुस्तकात नाव डोळ्यांसमोर असतं, इथे माणूस आवाजावरूनच ओळखायचा असतो. खाली घराचा ओबडधोबड नकाशा काढा, खोल्या आणि दारं पुरेत. कागदाच्या मागच्या बाजूला फक्त वस्तू लिहायच्या, ज्या विनोदात आल्या त्या. शिडी. चहाचे कप. छत्री. जास्त लिहू नका, नाहीतर ऐकणं राहील आणि टिपणं होतील.

पहिल्या दोन बैठकींत खुनी कोण याचा विचारच करू नका. माणसं ओळखा.

कुठे ऐकावं आणि कुठे नाही

तिसऱ्या बैठकीपासून हातकाम चालतं. डोळ्यांना आणि बोटांना काम असावं, शब्दांना नसावं. भिरंडं फोडणं, तांदूळ निवडणं, कपड्यांना इस्त्री, अबोलीचे वळेसर (गजरे) करणं, चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान निवडून लावणं, ही सगळी उत्तम. व्हॉट्सॲप बघत, हिशेब करत, मुलांचा अभ्यास घेत ऐकू नका. शब्द शब्दांना खातात.

हात ओले किंवा माखलेले असतील तर फोन पातळ पारदर्शक पिशवीत घालून रबर लावा, जसा आपण पावसात नेतो. पिशवीवरूनही बटण दाबता येतं. मासळी साफ करताना हे विशेष लागतं, कारण हसू तेव्हाही येतं आणि मागे तर जायचं असतं. इअरफोन नको असेल तर फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवा. आवाज वाढतो, पण थोडा घुमतो, म्हणून तळाशी दुमडलेला रुमाल घाला.

बसचं म्हणाल तर फोंड्याहून पणजीला जाणारी माणसं रोज तासभर बसतात, आणि तो तास या पुस्तकांसाठी चांगला आहे, एका अटीवर. बसमध्ये गाणी लागलेली असतात, इंजिनाचा आवाज असतो, आणि त्यावर मात करायला आपण फोनचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. म्हणून कानात घट्ट बसणारी रबरी टोकं असलेले इअरफोन घ्या, बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. तरीही संवाद कळेना तर पुस्तक बंद करून म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारी बघत जा. अर्धवट ऐकलेलं प्रकरण पुढे त्रास देतं.

दुचाकीवर कानात काहीही घालू नका. बाणस्तारीच्या पुलावर मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवा. चारचाकी चालवताना मी स्पीकरवरसुद्धा हे पुस्तक लावत नाही. गाणी चालतात, पण रहस्याच्या पेचात मन इतकं गुंततं की वळण उशिरा दिसतं.

रिबंदर-चोडण फेरीसारखा पाच-सात मिनिटांचा प्रवास यासाठी कमी पडतो. तेवढ्यात माणसं आठवून होतात न होतात तोच उतरायची वेळ होते.

घरात स्पीकरवर लावणार असाल तर वेळेचा विचार करा. आत्या तिन्हीसांजेला, देवाकडे दिवा लागताना, प्रेताचं वर्णन ऐकणार नाही म्हणाली, आणि मी ते मानलं. आमची वेळ आता दुपारच्या जेवणानंतरची आहे. लहान मुलं आसपास असतील तर इअरफोनच बरे. काळ्या विनोदातला विनोद त्यांना कळत नाही, नुसता काळेपणा कळतो.

मधला उतार

चार-पाच तासांनी प्रत्येकाला वाटतं की गोष्ट अडकली. साक्षी चालू असतात, तीच रात्र सहा जण सहा तऱ्हांनी सांगतात. इथे पुस्तक सोडणारे खूप. माझा सल्ला असा की इथे वेग वाढवू नका, उलट बैठक लहान करा, 15 मिनिटांची. आणि दर साक्षीनंतर कागद काढून एकच गोष्ट बघा: हा माणूस आधी जे बोलला होता त्यापेक्षा आज काय वेगळं बोलला? तेच वाक्य वेगळ्या सुरात आलं का? निवेदक चांगला असेल तर खोटं बोलणाऱ्या माणसाचं वाक्य तो किंचित जास्त नीटनेटकं वाचतो. दोन-तीनदा हे पकडलं की मधला भाग कंटाळ्याचा राहत नाही, तोच सगळ्यात आवडता होतो. माझा आहे.

रात्री ऐकताना झोपेचा टायमर 20 मिनिटांवर लावा आणि सकाळी शेवटची दहा मिनिटं पुन्हा ऐका. झोपेत ऐकलेलं "ऐकलं होतं" असं वाटतं, पण ते कागदावर कधीच उतरत नाही. मी तर आता हा प्रकार अंथरुणात ऐकणं सोडलं आहे.

पूर्ण हरवलात तर लाज न बाळगता प्रकरणाच्या सुरुवातीला जा. छापील पुस्तक हाताशी असेल तर आणखी बरं. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं आहे, मराठीचा मोठा विभाग तिथे आहे. ऐकत असलेली कादंबरी तिथे किंवा गावच्या वाचनालयात मिळते का बघा. नावं आणि नात्यांची खातरी करून पुस्तक पुन्हा मिटायचं, पुढचं पान बघायचं नाही.

दोघांनी ऐकणं

जमलं तर हे पुस्तक एकट्याने ऐकू नका. आपल्याकडे रेडिओ असाच ऐकला जायचा. आकाशवाणी पणजीवर श्रुतिका लागली की घरातले सगळे एका खोलीत जमत, आणि वाक्य संपताच कुणीतरी म्हणे, "हा खोटं बोलतो." दोन माणसं असली की हसू दुप्पट होतं आणि धागेही जास्त हाती लागतात, कारण एक हसत असतो तेव्हा दुसरा ऐकत असतो.

नियम दोनच. एकाने दुसऱ्याला सोडून पुढे ऐकायचं नाही. आणि पुस्तक निम्मं झालं की प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचं नाव आणि एक कारण लिहून डब्यात टाकायचं. कारण लिहिणं महत्त्वाचं, नुसतं नाव नको. आमच्या डब्यात आत्याची पहिली चिठ्ठी होती ती अशी: "थोरली सून. कारण तिला कशाचंच हसू येत नाही." तिचा अंदाज चुकला. पण कारण बरोबर होतं. न हसणारी ती खुनी नव्हती, तिने खुन्याला पाहिलेलं होतं.

शेवटचा पाचवा हिस्सा

दहा तासांच्या पुस्तकातले शेवटचे दोन तास राखून ठेवा. बसमध्ये नको, स्वयंपाक करताना नको. रविवारची दुपार घ्या, फोनवरच्या सूचना बंद करा, कागद समोर ठेवा. उलगडा सुरू झाला की थांबू नका आणि मागेही जाऊ नका. तीस सेकंदांचा नियम इथे संपतो. या भागात लेखक एकेक वस्तू काढून दाखवतो, आणि प्रत्येक वस्तूबरोबर आपलं जुनं हसू परत येतं. शिडी निघते तेव्हा आपण पुन्हा हसत नाही. ती म्हातारी दारात उभी राहून विचारत होती, सगळ्यांसमोर, आणि घरात एका माणसाचा घसा कोरडा पडला होता, हे आता कळतं.

पुस्तक संपलं की लगेच दुसरं लावू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण पुन्हा ऐका, आता शेवट माहीत असताना. निवेदक खुन्याचं पहिलं वाक्य कसं वाचतो ते ऐका, आणि तुम्ही कुठे हसला होता ते बघा. आत्याने आमचं पहिलं पुस्तक संपल्यावर हेच केलं. सुपातली सोलं वाळायला घातलेली होती, तिसऱ्यांदा रस लावायचा होता, आणि ती पायरीवर बसून ऐकत होती. मधे एकदा हात वर करून तिने मला थांबायला सांगितलं. त्या ठिकाणी मागच्या खेपेला आम्ही दोघी मोठ्याने हसलो होतो.

पुढचं पुस्तक शोधताना लेखकाच्या नावाऐवजी निवेदकाचं नाव टाकून शोधा. ज्या आवाजाने तुम्हाला एकदा नीट फसवलं, त्याने वाचलेलं दुसरं पुस्तक बहुधा सोबतीला बरं निघतं.